चेष्टा

“‘फळा’ म्हण,” बाई तिसऱ्यांदा म्हणाल्या. बंगालहून महिन्यापूर्वीच आलेली माझी जीभ ‘ळ’कडे वळेचना. मी पुन्हा ‘फला’ म्हटलं. वर्ग फिदीफिदी हसला.

“चेष्टा करते, बाई,” मी घाईने म्हणाले.

“माझी चेष्टा? पहिल्याच दिवशी?” तास संपेपर्यंत मी दाराबाहेर उभी. काय चुकलं, ते कुणी सांगेल तर शपथ!

संध्याकाळी बाबांनी उलगडा केला. ते सराफकट्ट्यावर दागिने घडवायचे, इथली भाषा त्यांना यायची. “आपल्या बंगालीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. इथे चेष्टा म्हणजे टिंगल. उद्यापासून ‘प्रयत्न’ म्हण.” जेवतानाही मी तोच शब्द घोकत होते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा ‘फळा’. मी ताठ उभी राहिले. “प्रोयोत्नो करते, बाई.”

वर्ग आणखीच खिदळला. मागच्या बाकांनी तर ‘प्रोयोत्नो, प्रोयोत्नो’ असा ठेकाच धरला.

बाईंनी टेबलावर डस्टर आपटलं. आज त्या माझ्या बाजूने होत्या. “बास! या वर्गात कुणीही चेष्टा करायची नाही!”

बरं. नाही करायची, तर नाही. वही मिटून मी खाली बसले.