नोव्हेंबरची यादी

चिठ्ठी निघाली ती चर्चमधल्या, मृतांच्या नावांच्या पेटीतून. घडी उघडताच, नाव वाचायच्या आधीच क्षमाने अक्षर ओळखलं. तिच्या नवऱ्याचं. खमरियाच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात खोक्यांवर नंबर रंगवण्यात योगेंद्रने सारी नोकरी काढली होती, आणि कागदावरही त्याचं अक्षर तसंच ठळक, सुटं सुटं उतरायचं. चिठ्ठीवर दोनच शब्द होते. आल्हाद जोसेफ.

आल्हाद त्यांचा एकुलता एक मुलगा. सहा वर्षांपूर्वी, नदी भरलेली असताना, तो मित्रांबरोबर ग्वारीघाटाला पोहायला गेला आणि घरी फक्त त्याच्या चपला आल्या. नावाड्यांनी अकरा दिवस नर्मदा धुंडाळली, हाती काही लागलं नाही. काही लागलं नाही म्हणजे तो आहे, असं क्षमा म्हणायची. घरात कोणी तिच्याशी वाद घालत नसे.

आज दोन नोव्हेंबर, मृतांच्या स्मरणाचा दिवस. मिस्साची प्रार्थना सुरू व्हायला अर्धा तास होता आणि ती वेदीमागच्या खोलीत चिठ्ठ्या निवडत बसली होती. चर्चच्या दाराशी दोन पेट्या असायच्या. एक जिवंतांसाठी, म्हणजे आजारपण, परीक्षा, पोरीचं लग्न, दुसरी गेलेल्यांसाठी. चिठ्ठ्या निवडायच्या, नावं उतरवायची आणि माइकवरून वाचायची, ही सेवा पंधरा वर्षं तिच्याकडे होती. लोक पेट्यांचा घोळ घालायचेच. मागच्या वर्षी मिंज बाबूंच्या धडधाकट सासूबाई मृतांच्या यादीत गेल्या, आणि म्हातारीने तिसऱ्या बाकावर बसून स्वतःच्याच चिरविश्रांतीची प्रार्थना खणखणीत आवाजात म्हटली.

म्हणून दुसऱ्यांच्या चुकलेल्या चिठ्ठीचं ती जे करायची तेच तिने या चिठ्ठीचं केलं. उचलली आणि जिवंतांच्या गठ्ठ्यात ठेवली. चष्मा विसरला असेल बिचारा, असं तिने स्वतःला समजावलं. पण तिला राहवेना, म्हणून ती बाहेर गेली. योगेंद्र मागच्या बाजूला जास्तीच्या खुर्च्या लावत होता.

"अहो, तुमची चिठ्ठी चुकीच्या पेटीत पडली होती. मी बदलली," ती हळूच म्हणाली.

"चुकीच्या नाही पडली."

"चष्मा नसेल तुमचा."

"चष्मा होता, क्षमा." त्याने हातातली खुर्ची खाली ठेवली. "सहा वर्षं झाली. पोराच्या नावानं एक मेणबत्ती नाही लावली आपण. तू वाट पाहून राहिली, अन् तो प्रार्थनेविना तिथंच अडकून उभा आहे. अजून किती उभा ठेवायचा त्याले?"

मी वाचणार नाही, एवढंच ती बोलली. त्याने मान हलवली आणि पुढची खुर्ची उघडली.

चर्च भरलं. प्रवचन झालं आणि क्षमा माइकपाशी आली. एकेक नाव घ्यायचं, मग 'हे प्रभु, इसे अनंत विश्राम दे' एवढं तिने म्हणायचं आणि 'अनंत ज्योति इस पर चमके' हे लोकांनी, अशी इथल्या हिंदी प्रार्थनेची पद्धत होती. मारिया टोप्पो झाल्या, पीटर डिसूझा झाले. तिचा आवाज एकदाही अडखळला नाही. शेवटचं नाव वाचून तिने कागदाची घडी घातली. फादर खुर्चीतून उठू लागले.

तेवढ्यात पुरुषांच्या बाजूला मागच्या बाकावरून योगेंद्र उठून उभा राहिला. चर्चमध्ये ज्याचा आवाज कोणी ऐकला नव्हता, तो माणूस मोठ्याने म्हणाला, "आल्हाद जोसेफ."

कोणीच काही बोललं नाही. बोलणार कसं? आधीचं वाक्य क्षमाचं होतं. ती म्हणेल तेव्हा लोक म्हणतील. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि फादर अर्धवट उठले होते ते परत बसले.

तिला असा संताप आला की माइकवरूनच ओरडावं, माझा मुलगा जिवंत आहे. ती नवऱ्याकडे रोखून पाहत राहिली. तो खाली बसला नाही. पुढच्या बाकाची पाठ त्याने दोन्ही हातांनी घट्ट धरली होती आणि त्याची हनुवटी थरथरत होती. या माणसाला रडताना तिने कधी पाहिलं नव्हतं. तिने त्याला रडायला जागाच ठेवली नव्हती. जिवंत मुलगा तिने स्वतःकडे ठेवून घेतला होता, आणि मेलेला एकट्या त्याच्या अंगावर टाकला होता. सहा वर्षं तो त्याला एकटाच वाहत होता.

 तिने माइक धरला. "हे प्रभु," ती म्हणाली आणि थांबली. पुन्हा सुरुवात केली. "हे प्रभु, इसे अनंत विश्राम दे."

चर्चने पुढचं वाक्य म्हटलं. सगळ्यांनी, सावकाश. मग योगेंद्र खाली बसला.

क्षमा पायऱ्या उतरली. बायकांच्या बाजूला तिची जागा होती, तिथे ती गेली नाही. मधली वाट ओलांडून, लोक पाहत असताना, ती शेवटपर्यंत चालत गेली आणि नवऱ्याच्या शेजारी बसली. फादरांनी पुढची प्रार्थना सुरू केली होती. ती त्याच्या कानाशी वाकली.

"पाण्यात लेकराला भेव वाटलं असेल का हो?"