टोचलेल्या कोंबड्या

भगवंतने चौथ्या कोंबडीचे पाय डाव्या हातात धरले, तिची मान धुण्याच्या दगडावर आडवी केली आणि कोयता घातला. धड तानूबाईच्या लुगड्यावर उडून पडलं आणि तिथेच फडफडत राहिलं. पायातली निळी प्लास्टिकची कडी तेवढी स्वच्छ होती.

आमली गावातल्या कामगारांच्या चाळीमागचं हे अंगण. एका कडेला तानूबाईचं खुराडं, दुसऱ्या कडेला भगवंतचा दोन गायींचा गोठा. पहाटे त्याचं एक वासरू हगवणीने मेलं होतं. सुताच्या कंपनीतली पहिली पाळी करून तो आला, केसांतलं सूतसुद्धा झटकलं नाही आणि सरळ कोयता उचलला. वड्याचं तेल वांग्यावर काढायला माणसाला फार वेळ लागत नाही.

"भगवंता, हात जोडते. त्या मुक्या जिवांनी काय केलं रे तुझं?"

"काय केलं? तूच नळावर सांगी राहिली होती ना, मॅडमनी माझ्या कोंबड्यांना हगवण टोचली म्हणून? साऱ्या चाळीनं ऐकलं. दिवसभर माझ्या उकिरड्यावर चरतात अन् माझं वासरू मेलं!"

नळावर ती तसं म्हणाली होती, हे खोटं नव्हतं. गुरांच्या दवाखान्यातल्या गौरी मॅडमनी दोन महिन्यांपूर्वी तिच्या नऊ कोंबड्यांना सुया दिल्या, पायांत निळ्या कड्या घातल्या, तेव्हापासून तिच्या कोंबड्या सरकारी झाल्या होत्या आणि म्हातारी मिरवत होती. त्या सुईला काय म्हणायचं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तोंडात आलं ते तिने सांगितलं.

आता तिने पोलक्याची बाही वर खेचली. दंडावर दोन गोल व्रण होते.

"हे बघ. लहानपणी मला देवी टोचली. म्हणून काय देवी आल्या मला? येऊ नयेत म्हणून टोचतात रे मेल्या! हगवण बी तशीच. कोंबडीला टोचायची, तिच्या अंड्यात औषध उतरतं, ते वासराला पाजायचं. परवाच मॅडम तपासून म्हणाली, उतरलं म्हणून."

"अंड्यात औषध!" भगवंत हसला. ते हसू ऐकून दारात उभ्या असलेल्या बायका एक पाऊल आत सरकल्या. "मले येडा समजी राहिली का तू?"

त्याने अंड्यांच्या टोपलीवर लाथ घातली. मग ती उलटी करून अंड्यांवर पाय दिला, एकदा, दोनदा, बलक चपलेच्या बाजूंनी बाहेर येईपर्यंत. पाचवी, सहावी, सातवी. आठवीला घाव नीट बसला नाही, ती अर्ध्या मानेने अंगणभर धावली, तेव्हा त्याने तिला भिंतीवर आपटलं. तानूबाईने त्याचं मनगट धरलं. त्याने तिला ढकललं. तिचं कपाळ खुराड्याच्या खांबावर आदळलं आणि रक्त डोळ्यात उतरलं. चितकबरी शेवटची. तिला तानूबाईने पदराखाली काखेत दाबून धरलं होतं. भगवंतने ती मानेला धरूनच बाहेर ओढली, मान तिथेच मोडली. कोयता लागलाच नाही.

"अहो!"

मनीषा, त्याची बायको, गोठ्यातून धावत आली.

"अहो, चांदी बी हगाले लागली. पांढरं पाणी नुसतं. मान टाकली तिनं." तिला धाप लागली होती. "मॅडमला फोन केला. ती सलाईन घेऊन निघाली. तोवर म्हणे तानूमावशीची अंडी घ्या, बलक कोमट दुधात कालवून पाजा. दिवसातून दोनदा, सात दिवस..."

मग तिने अंगण पाहिलं.

चांदी चार दिवसांची कालवड. एक मेल्यावर गोठ्यात तेवढंच वासरू उरलं होतं. चाळीतलं कुत्रं टोपलीजवळचा बलकांचा चिखल चाटत होतं. भगवंतने त्याच्याकडे पाहिलं, मग आपल्या चपलेकडे.

तानूबाई उठली. त्याच्याजवळ गेली आणि त्याच्या हातातून कोयता काढून घेतला. त्याने तो सोडला. क्षणभर तिला तो त्याच्या मानेत घालावासा वाटला, अगदी मनापासून. भगवंतला ते कळलं. तो जागचा हलला नाही.

ती दगडाशी बसली. चितकबरी ओढली, उताणी केली आणि पोट फाडलं. दोन बोटं आत घातली. बलकांचा घोस बाहेर आला. त्यांवर अजून कवच चढायचं होतं. एक अंड्यातल्याएवढा, एक सुपारीएवढा, मग बोराएवढे, खाली हरभऱ्याएवढे.

"मनीषा, पातेलं आण. दूध कोमट कर. उकळलंस तर औषध मेलं समज."

तिने एकेक कोंबडी जवळ ओढली. नऊ पोटं फाडली. डोळ्यातलं रक्त पुसायला मध्ये दोनदा थांबली, बाकी थांबली नाही. ज्यांना तिने हाताने दाणे घातले होते, त्यांच्या आतड्यांत तिचे हात कोपरापर्यंत माखले. रडायचं तिच्या लक्षातच आलं नाही. पातेल्याच्या तळाला पिवळेधमक गोळे साठत गेले.

भगवंत समोर उकिडवा बसला होता.

"पुरतील?"

"तीन दिवस. फार तर चार."

"अन् पाचव्या दिवशी, मावशी?"

तानूबाईने मोकळ्या खुराड्याकडे पाहिलं. मनीषाने दूध आणलं. म्हातारीने त्यात दोन बलक फोडले, करंगळी बुडवून ऊब पाहिली आणि पातेलं त्याच्यापुढे सरकवलं.

"तिनं मान टाकलीय. सडाला लागायची नाही. बोटावरच पाजावं लागंल."

त्याने घाईघाईने हात पुढे केला.

"आधी धुऊन ये," ती म्हणाली. "तुझी बोटं चोखणार आहे ती."