काचेचं कौल

"आढ्याच्या बाजूनं उचला. खालनं वढाल तर फुटंल!" म्हाळसानं घरातून बजावलं.

"व्हय, व्हय," छपरावरून सोनबा म्हणाला. उंटावर बसून शेळ्या हाकणारे पुष्कळ असतात. त्याची बायको मात्र जमिनीवर बसून छपरावरचा गडी हाकत होती.

सकाळचे दहा वाजले असतील. पौषाची थंडी, त्यात पळसदेवला धरणाच्या फुगवट्यावरून येणारं वारं. सोनबानं कानाला मफलर गुंडाळला होता. पासष्टी उलटलेल्या माणसानं छपरावर चढू नये हे त्यालाही कळत होतं. पण परवाच्या अवकाळी पावसात या कौलातून पुन्हा धार लागली, ती बरोबर म्हाळसाच्या वाकळेवर. मग तिनं घर डोक्यावर घेतलं.

घरात उजेड यावा म्हणून मातीच्या कौलांमध्ये हे एकच काचेचं बसवलेलं. दोन वर्षांपूर्वी किल्लारीला भूकंप झाला, त्या पहाटे इथंही फळीवरची भांडी वाजली. कौलाला चीर गेली ती तेव्हाच, असं म्हाळसाचं म्हणणं. सोनबानं चिरेत दोनदा डांबर भरलं. गळायचं ते गळतच राहिलं आणि वर, डांबर फासून नवऱ्यानं घरात अंधार केला, ही नवी तक्रार सुरू झाली.

आधी तिला तांदळातले खडे दिसेनात. मग सुईत दोरा जाईना. घरात मेंढरं होती तेव्हा हीच बाई पल्याडच्या माळावरचं लंगडं कोकरू बांधावरून ओळखायची. तिच्या डोळ्यांवर शंका घेणं सोनबाला जमलंच नाही. दाताखाली खडा आला की तो म्हणायचा, "आज खड्यांत भात बरा शिजलाय." दोघं हसायची आणि दोष कौलाला द्यायची.

कऱ्हाटीला दिलेली लेक विजयमाला गेल्या वर्षी दिवाळीला आली, ती मात्र हसली नाही. "आबा, इंदापूरला डोळ्यांचं शिबिर हाय. आईला न्या. उशीर करू नका."

"माझ्या डोळ्याला काय धाड भरलीया?" म्हाळसा कडाडली. "कौल बदला म्हनावं तुझ्या बापाला!"

आणि सोनबा बायकोच्या बाजूनं उभा राहिला. कौल गळत होतं हे तर खोटं नव्हतं. शिबिर आलं आणि गेलं.

आता नवं कौल पोत्यात गुंडाळून त्याच्या शेजारी होतं. बारामतीहून एसटीत तान्ह्या लेकरासारखं मांडीवर घेऊन तो आला होता. बेतही ठरला होता: संक्रांतीला विजयमाला आली की म्हाळसानं नव्या उजेडात तिच्यासमोर पायलीभर तांदूळ निवडायचा. मग लेक परत शिबिराचं नाव काढणार नव्हती.

सोनबानं वरच्या ओळीतली दोन कौलं हलकेच उचलली. काचेचं कौल खालच्या लाकडी रिपेवरून सोडवलं आणि कुठंही घासू न देता अलगद बाहेर काढलं. एवढं सफाईनं काम झाल्याचं त्याचं त्यालाच कौतुक वाटलं. छपराला चांगलं हातभर भोक पडलं होतं. त्यातून ऊन थेट घरात उतरलं. बायकोची थोडी थट्टा करावी म्हणून तो ओणवा झाला आणि त्यानं खाली बघितलं.

म्हाळसा सूप घेऊन कवडशाच्या नेहमीच्या जागी बसली होती. तोंड वर केलेलं. ऊन सगळंच्या सगळं तिच्या तोंडावर पडलं होतं. कपाळावरचं गोंदण, गालाची सुरकुती न् सुरकुती वरून दिसत होती. डोळे सताड उघडे होते. पापणी लवत नव्हती.

"काढलं का न्हाय अजून?" तिनं विचारलं.

सोनबानं एक हात भोकावर धरला. हाताची सावली तिच्या कपाळावरून हनुवटीपर्यंत गेली. त्यानं हात मागं घेतला, पुन्हा धरला. सावली पुन्हा तिच्या डोळ्यांवरून फिरली. डोळे होते तिथंच राहिले.

"वारं तेवढं आत याया लागलंय," म्हाळसा म्हणाली. "बाजूची कौलं सरकली जनू. नीट बसवा."

विजयमाला सांगत होती. उशीर करू नका म्हणाली होती. आपण नुसते हसलो, भाताला हसलो. सोनबाला हुंदका आला. खाली ऐकू जाऊ नये म्हणून त्यानं मफलरचं टोक दातांत धरलं.

"आवं, बोला की! काढताय न्हवं?"

"काढतोय गं." हातातलं कौल त्यानं शेजारच्या कौलावर मुद्दाम खरखर घासलं. "हां. निघालं बग."

म्हाळसाचं तोंड उजळलं. सुपातले तांदूळ तिनं बोटांनी पसरून ठेवले. "आता बसवा नवं बिगीबिगी. खडा न् खडा येचून दावते तुमच्या लेकीला." मग थोडं थांबून, हळूच विचारलं, "लई कळकट झालं आसंल न्हाय, ते जुनं?"

सोनबानं कौलाकडं बघितलं. एक चीर, कोपऱ्यात बोटभर डांबर. बाकी काच परवाच्या पावसानं लख्ख धुऊन काढली होती. तिच्यातून त्याच्या तळहातावरच्या रेघा दिसत होत्या.

"व्हय," तो म्हणाला. "लई कळकट. ह्यातनं कुनालाच दिसलं नसतं."