फोटोला बसलेली आई

इटलीतल्या बारी शहराच्या बंदराला बोट लागली की पर्यटकांचे घोळके आमच्या गल्लीत शिरतात. आई उघड्या दारात टेबल मांडून पास्त्याचे इवले कान वळत बसते आणि ते तिच्या बोटांचे फोटो काढतात. मागे, घराच्या एकुलत्या खोलीत बाबा अंथरुणाला खिळलेले असतात. दार लावलं तर त्यांचा जीव घुसमटतो.

“बाबा आत एकटे, आणि तू इथे फोटोला बसतेस? बोटं बघ, सुजून वांगी झालीत.”

“एवढा घोळका जाऊ दे, रोझान्ना.”

“मग दुसरा येईल. हौस काही फिटत नाही वाटतं तुझी!”

आईने मान वर न करता पिठाचा पुढचा गोळा ओढला.

 

“काल मी पाणी प्यायला उठले, तर तेवढ्यात त्यांनी तुझ्या बाबांचे फोटो काढले.”