रसमातली पूड

"लघवी कॉफीच्या डिकॉक्शनसारखी काळी, आणि हे तुम्ही आज सांगताय?" डॉक्टर हरिणीनं कपाळावर हात मारला.

खाटेवर पडलेले व्यंकोजीराव ओशाळून हसले. गोविंदपुरम्‌च्या उत्सवात समईभोवती नाचत भजन केलं, मग मांड्या दुखणारच की! तेवढी विठ्ठलाची सेवा, असं म्हणून त्यांनी घरी सगळ्यांना गप्प केलं होतं. पण आज सकाळी पाटावरून उठताच येईना. गोमतीबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. ऑटोत घालून त्यांनी नवऱ्याला कुंभकोणमच्या या इस्पितळात आणलं.

"कोलेस्टेरॉलची गोळी किती घेता?"

"एकच. रात्री जेवल्यावर. तुम्हीच सांगितलीत तशी."

"एका गोळीनं इतकं क्वचितच होतं." हरिणीनं पुन्हा रिपोर्ट पाहिला. "स्नायू फुटून रक्तात उतरलेत. मूत्रपिंडं कशीबशी तग धरून आहेत. आणखी काही पोटात गेलंय? नीट आठवा."

गोमतीबाईंना रात्रीची रसमाची वाटी आठवली.

उत्सवात रोज पंगत, आणि पानावर तुपाची नुसती धार! नको म्हटलं तर हे ऐकतात थोडेच? "अगे, प्रसादाचं तूप बाधत नाहीं!" मग बाईंनी आपलं साधं गणित मांडलं. तूप जास्त, तर गोळीही जास्त. जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून जास्तीच्या गोळ्या आणल्या, बत्त्यानं कुटल्या आणि रोज रात्री यांच्या वाटीत गुपचूप ढवळल्या. "रसम कडवट लागतंय का गे?" एकदा यांनी विचारलंही होतं. "मिरं जास्त पडलं," म्हणून त्या मोकळ्या झाल्या होत्या.

"मी घातल्या," गोमतीबाई म्हणाल्या. "रसमात. दोन-दोन, तीन-तीन. रोज."



"अय्यो अम्मा!" हरिणी ओरडलीच. "ती काय तूप धुवायचा साबण आहे? जास्तीची गोळी तूप खात नाही, माणसाचं मांस खाते!" मग तिनं आवाज आवरला. "सलाईन लावते. तुम्ही पाणी पाजत राहा. वाचली मूत्रपिंडं, तर पाण्यानंच वाचतील."

ती नर्सला हाक मारत बाहेर धावली.

गोमतीबाईंनी पाण्याचा टंबलर भरला आणि पुढे केला. व्यंकोजीरावांनी तो घेतला, पण तोंडाला लावला नाही. पानात काय वाढलंय ते जन्मात न पाहणारा हा माणूस, टंबलर तिरका करून तळाशी निरखून बघू लागला.

गोमतीबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. देवाच्या आणि नवऱ्याच्या आधी त्यांनी आजवर मिठाचा खडासुद्धा चाखला नव्हता. त्यांनी टंबलर त्यांच्या हातातून काढून घेतला, ओठांना लावला, एक मोठा घोट गिळला. आणि तोच उष्टा टंबलर पुन्हा त्यांच्यापुढे धरला.