बंद करण्याचं कारण

निर्मळ गावच्या वाचनालयातला कॉम्प्युटर रोज दुपारी एक वाजता आपोआप बंद व्हायचा, म्हणून दुरुस्तीला आलेली क्षितिजा त्यातल्या नोंदी तपासत होती. बंद करताना तो कारण विचारी. दर नोंदीत एकच कारण टाइप केलेलं होतं: ‘येते.’

“हे आमच्या ग्रंथपाल सरोजिनीबाईंचं,” शिपाई सदानंदकाका म्हणाले. “एक वाजता जेवायला घरी निघताना ‘जाते’ असं कधी म्हणाल्या नाहीत. पण त्यांना जाऊन वर्ष झालं गं.”

शेवटची नोंद कालची होती. क्षितिजाने बाईंचं नाव कॉम्प्युटरमधून काढून टाकलं.

एक वाजला. कॉम्प्युटर चालूच राहिला. काकांनी सुटकेचा निःश्वास सोडला.

तेवढ्यात नोंदींच्या यादीत नवी ओळ उमटली. नाव, सरोजिनी. कारणाच्या रकान्यात एकच शब्द होता.

‘आले.’