गळ्यातलं

धबधब्याखालची नदी दोराला धरून ओलांडायची होती. ट्रेकचा गाइड ओरडला, "ताई, गळ्यातलं काढून बॅगेत टाका, दोरात अडकतं!"

नौपाड्याला आठ दिवस माहेरी आलेल्या वल्लरीने आईकडे चोरून पाहिलं आणि मंगळसूत्र काढलं. पाणी कमरेला लागलं, पाय घसरले, पण मंदाकिनीबाईंनी लेकीचं मनगट सोडलं नाही.

पलीकडे पोचताच वल्लरीने घाईघाईने बॅगेची चेन उघडली.

"राहू दे आता," आई म्हणाली. "परत जायचं नाहीये ना तुला?"

वल्लरी खडकावर मटकन बसली. रडू येईल असं वाटलं होतं, आलं हसू.

"तुला कधी कळलं?"

"आलीस त्याच दिवशी. आठ दिवसांच्या माहेरपणाला कोणी जुलैत स्वेटर आणतं का गं?"